पुण्याहून घारापुरी: गट नेताना घ्यायची काळजी

सोमवार टाळा, घारापुरी (एलिफंटा) बेटावरची लेणी बंद असतात. पुण्याहून सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन धरली तर सीएसएमटीला १०.२५ ला पोचता. तिथून टॅक्सीने गेटवे, मग लाँचने साधारण तास. म्हणजे बेटावर पाय ठेवायला १२ वाजतात. परतीला डेक्कन क्वीनच (संध्याकाळी ५.१०) पकडायची असेल, तर ३ च्या आत लाँचमध्ये बसायलाच हवं. फसगत होते ती इथेच: जेवण लांबतं आणि गाडी चुकते.

म्हणून जेवण आधी ठरवा. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत, आणि पर्यटक हाच तिथल्या घरांचा मोठा आधार. दोन दिवस आधी तिथल्या जेवण करून देणाऱ्या घरी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, मासे किती हे नेमकं सांगा, थोडी उचल पाठवा. ऐनवेळी तीस ताटं मागितली तर कुणालाच जमत नाही. पुण्याहून डबे नेऊ नका; गावाचं उत्पन्न बुडतं, आणि माकडं पिशव्या ओढतात ते वेगळंच.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पुढे मात्र सुमारे १२० पायऱ्या. गुडघेदुखी असलेल्यांसाठी डोलीचा दर चढण्याआधीच, जाऊन-येऊन असा ठरवा. ग्रामपंचायतीच्या करासाठी सुटे पैसे ठेवा, लाँचचं परतीचं तिकीट गटप्रमुखाकडेच राहू द्या. रिकाम्या बाटल्या परत आणा. बेटावरचा कचरा समुद्र ओलांडूनच न्यावा लागतो.