डेटा एन्ट्री: पहिला आकडा टाइप करण्याआधी

एमएस-सीआयटी झालंय, मराठी ३० शब्दांची टायपिंग परीक्षा पास आहात, असं धरून चालते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) टाइप करा. फॉर्म क्रमाने लावा, गठ्ठ्यांना नंबर द्या आणि बसा.

‘वेग वाढवा’ हा सल्ला जो तो देतो. मला तो पटत नाही. वेग सरावाने येतोच. नुकसान होतं ते एक्सेलमध्ये कॉलमचं फॉरमॅट न बदलता आकडे भरल्यामुळे.

पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत मी खाते क्रमांक सरळ भरत गेले. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच जपतं, त्यामुळे १६ अंकी खात्यांचा शेवटचा अंक शून्य झाला. ज्यांचं खातं शून्याने सुरू होत होतं, त्यांची सुरुवातीची शून्यं गळाली. मग घाबरून कॉलमचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केलं (म्हणजे एक्सेल आकडे अक्षरांसारखे जसेच्या तसे ठेवतं), पण गेलेला अंक परत येत नसतो. पासबुकांच्या झेरॉक्स काढून सगळी यादी पुन्हा भरली. तोवर मुलांचे पैसे अडकले होते, आणि ते मनाला आजही लागतं.

म्हणून खाते क्रमांक, आधार, मोबाइल, पिनकोड या कॉलमना आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच भरायला घ्या. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल आणि ‘आकड्यात बदलू का’ असं विचारलं जाईल. अजिबात बदलू नका. भरून झालं की शेजारच्या कॉलममध्ये लेन (LEN) सूत्राने अक्षरं-अंक मोजा: आधार १२, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) ११. आयएफएससीतलं पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.

जन्मतारखाही फसवतात. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०६/२०१० म्हणजे ६ मे होतं आणि कुठेच चूक दिसत नाही. १३/०६/२०१० मात्र तारीख म्हणून घेतलीच जात नाही, ती सेलच्या डाव्या कडेला चिकटते. अशी एक जरी दिसली, तरी सगळा कॉलम तपासा.

तपासताना दुसऱ्याने कागदावरून मोठ्याने वाचावं, तुम्ही स्क्रीन पाहावी. एकट्याने तपासलं की डोळे आपलीच चूक बरोबर वाचतात.

आणि डेटा एन्ट्रीचं घरबसल्या काम देतो म्हणून नोंदणी फी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

फाइल सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) पाठवायची असेल तर पाठवण्याआधी ती डबल-क्लिकने एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, शून्यं पुन्हा गळतात. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा.