एमबीएचा अर्ज कधी भरायचा, कुठे भरायचा: गुणपत्रिका, हप्ता आणि तहसील कचेरी

पावसाळा सुरू झाला की आमच्या इचलकरंजीहून फोन यायला लागतात. कुणाचा मुलगा शेवटच्या वर्षाला असतो, कुणाची मुलगी हिंजवडीत नोकरीला लागून वर्ष झालेलं असतं. मी स्वतः आधी हिंजवडीत नोकरी केली, मग सीईटी (राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा) देऊन चर्चगेटला एमएमएस (मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखी पदवी) केलं आणि आता बीकेसीत बँकेत आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं की मी कॉलेजांची यादी देईन. यादी मी देते, पण सगळ्यात शेवटी. आधी तीन गोष्टी विचारते: दहावी-बारावी-पदवीला किती मार्क, कर्जाचा हप्ता कोण फेडणार, आणि कुठले दाखले हातात आहेत. कधी आणि कुठे या दोन्हींची उत्तरं इथेच दडलेली असतात. रँकिंगमध्ये तुमचं नाव नसतं, या तीन कागदांवर असतं.

गुणपत्रिकेपासून सुरुवात करा. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरच्या अखेरीस होते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचे असतात. पण आयआयएम फक्त कॅटचे पर्सेंटाईल (शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहात, तो आकडा) बघत नाहीत. मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना बऱ्याच आयआयएम दहावी, बारावी, पदवीचे मार्क, कामाचा अनुभव आणि शाखा यांनाही गुण देतात, आणि प्रत्येकीचं सूत्र वेगळं असतं. हे सूत्र त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रवेश धोरणात छापलेलं असतं. क्लासवाल्याचं ऐकू नका, ते धोरण स्वतः उघडा, वही घ्या आणि आपले मार्क त्यात घालून बघा. बारावीला ६२ टक्के असतील तर अमुक संस्थेत आपल्याला वाणिज्य शाखेच्या मुलीपेक्षा किती जास्त पर्सेंटाईल लागतील, हे तासाभरात कळतं. मग तिथे फॉर्म भरायचा की नाही, हे नशिबावर सोडावं लागत नाही.

जुने मार्क कमी असतील तर महाराष्ट्रातल्या मुलांसाठी सीईटी हा खरोखर मोठा आधार आहे, आणि गावाकडची हुशार मुलं तिला उगाच दुय्यम समजतात याचं मला वाईट वाटतं. राज्य सीईटी कक्षाची ही परीक्षा साधारण मार्च-एप्रिलमध्ये असते: २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. कॅप (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधला प्रवेश गुणवत्ता यादीवर होतो, मुलाखत नाही. दहावीला मराठी माध्यमात होता, इंग्रजीत बोलताना अडखळतो, तरी सीईटीत गुण मिळाले तर जमनालाल बजाजचा दरवाजा उघडतो. १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था, शेजारी सिडनहॅम, पुण्यात विद्यापीठाची पुंबा, माटुंग्याला वेलिंगकर. ही कॉलेजं सीईटीवाल्यांच्या बोलण्यात रोज येतात.

सीईटी कक्ष दर वर्षी फेरीनिहाय कटऑफ प्रसिद्ध करतो. ती पीडीएफ वाचायला शिका. परवा मामेभावाला बरोबर बसवून मी ती उघडली. एका रकान्यात ‘जीओपनएच’ असं होतं. जी म्हणजे सर्वांसाठी (त्या जागी एल असेल तर मुलींसाठी राखीव), ओपन म्हणजे प्रवर्ग, आणि शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेज ज्या विद्यापीठाचं त्याच विद्यापीठाच्या पदवीधरांच्या जागा. ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाचे, एस असेल तर राज्यस्तरावरच्या जागा. त्याची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात त्याला एचचा कटऑफ लागूच होत नाही. तो तासभर चुकीचा आकडा बघून खूश होता. मागच्या दोन-तीन वर्षांचा आपल्या रकान्याचा शेवटचा आकडा लिहून काढा, त्यावरून पसंतीक्रम लावा. आणि खरंच जायचं असेल तेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहा, कारण पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की ती जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीत सुधारणा मागता येत नाही. नियमपुस्तिका दर वर्षी बदलते, त्यामुळे त्या वर्षीचीच वाचा.

आता पैशाचं बोलू, कारण घरात हे कुणी मोकळेपणानं बोलत नाही. अहमदाबादच्या आयआयएमची दोन वर्षांची फी २५ लाखांच्या पुढे आहे. २० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं १० वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये येतो, आणि शिकत असताना साचलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. हा आकडा आईबाबांसमोर कागदावर लिहा. मोठ्या आयआयएममधून निघालेल्याला तो जड जात नाही. पण तेवढीच फी घेणारी, चकचकीत माहितीपत्रकाची खासगी संस्था असेल तर एकच कागद मागा: शेवटच्या बॅचचा नोकऱ्यांचा अहवाल, त्यात मीडियन पगार किती आणि एकूण किती विद्यार्थी प्लेसमेंटला बसले. सर्वांत मोठं पॅकेज एकाच मुलाचं असतं. सरासरीसुद्धा दोन-तीन मोठ्या पगारांनी फुगते. मीडियन म्हणजे निम्म्या मुलांना यापेक्षा कमी मिळालं, हे लक्षात ठेवून त्यातून कर वजा करा, मुंबईचं भाडं वजा करा आणि मग हप्ता. अहवाल तपासून घेतलेला आहे का, तेही बघा. आयआयएम अहमदाबादनं पुढाकार घेऊन अशा अहवालांसाठी एक ठरावीक पद्धत सुरू केली आणि काही संस्था ती पाळतात. अहवाल मागितल्यावर कुणी विषय बदलत असेल, तर तिथे फॉर्म भरू नका.

कॅपमधून प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून फीचा भार हलका होऊ शकतो. हेच कॉलेज व्यवस्थापन कोट्यातून घेतलं तर ती सवलत हातची जाते. एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांच्या घरावर पडणारा बोजा यामुळे पार वेगळा होतो.

दाखले ही तिसरी गोष्ट, आणि वर्ष खरं वाया जातं ते इथे. केंद्राच्या संस्था राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला चालवून घेत नाहीत. केंद्राच्या नमुन्यातला, केंद्राच्या यादीतल्या जातीचा लागतो. राज्याचा एसईबीसी (मराठा समाजासाठीचा) प्रवर्ग केंद्रात नाहीच. कुणबी दाखला नसलेल्या मराठा समाजातल्या मुलांना आयआयएमसाठी खुला प्रवर्ग किंवा, निकषात बसत असतील तर, केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) असे दोनच मार्ग राहतात. त्यासाठी फक्त ८ लाखांची उत्पन्न मर्यादा पुरत नाही: कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर तो दाखला मिळत नाही. उत्पन्न कमी पण सात-बारावर सहा एकर, अशी कितीतरी घरं आपल्या भागात आहेत. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात अर्ज टाका. जून-जुलैत दहावी-बारावीच्या निकालानंतरची गर्दी असते, तहसीलदारांची सही दोन-दोन आठवडे होत नाही. कॅटच्या अर्जात प्रवर्ग एकदा भरला आणि मुदत संपली की बदलता येत नाही, आणि ती मुदत सप्टेंबरमध्ये संपते. राज्यातल्या राखीव जागांसाठी जात पडताळणीही लागते. ती आधीच करून ठेवलेली बरी.

आता कधी. बीकॉम, बीएमएसच्या मुलांना शेवटच्या वर्षात परीक्षा द्यायला काहीच हरकत नाही. अभियंत्यांना मी दोन ते तीन वर्षं नोकरी करा असं सांगते, पण फक्त अनुभवाचे गुण मिळतात म्हणून नाही. मुलाखतीत ‘काम काय करता’ या प्रश्नावर दहा मिनिटं स्वतःचं काही सांगता येईल तेव्हा अर्ज करा. ‘सपोर्ट प्रोजेक्टवर आहे’ यापुढे वाक्य सुचत नसेल तर वर्षभर थांबा, मॅनेजरकडे वेगळं काम मागा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत शिफ्ट सांभाळणाऱ्या मुलाकडे सांगण्यासारखं भरपूर असतं आणि त्याला ते कळतच नाही. अशा मुलांनी पवईचं आयआयएम मुंबई डोळ्यांपुढे ठेवावं. २०२३ पर्यंत ते नीटी होतं, उत्पादन आणि पुरवठा साखळी हे त्याचं मूळ बळ. राहुरी, दापोलीच्या कृषी पदवीधरांनी अहमदाबादचा अन्न व कृषी-व्यवसाय अभ्यासक्रम आणि हैदराबादचं मॅनेज (कृषी विस्तार व्यवस्थापनाची संस्था) ही नावं लिहून ठेवावीत. दूध संघ, साखर कारखान्यात परत यायचं मनात असेल तर आणंदचं इर्मा (ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था).

पाच-सात वर्षं अनुभव झाल्यावर दोन वर्षांच्या वर्गात बसण्यापेक्षा एक वर्षाचे अभ्यासक्रम बघा: आयएसबी (हैदराबादची बिझनेस स्कूल), किंवा आयआयएमचे अनुभवी लोकांसाठीचे. तिथे जीमॅट किंवा जीआरई ही आंतरराष्ट्रीय परीक्षा चालते, आणि जीमॅटचे गुण पाच वर्षं वैध असतात, म्हणून परीक्षा आधी देऊन अर्ज नंतर करता येतो. परदेशात जायचं असेल तर सप्टेंबर किंवा जानेवारीची फेरी पकडा. एप्रिलच्या फेरीत शिष्यवृत्ती आणि व्हिसा, दोन्हींची घाई होते.

फॉर्मची संख्या आवरा. कॅटच्या एका फीमध्ये सगळ्या आयआयएम येतात, पण बाकीच्या संस्थांचे स्वतंत्र फॉर्म आणि स्वतंत्र पैसे असतात, आणि काहींची मुदत कॅटचा निकाल यायच्या आधीच संपते. मॉकमध्ये (सराव परीक्षांत) सातत्यानं मिळणारे पर्सेंटाईल धरून मी सहा फॉर्म सुचवते: दोन जरा वरचे, तीन आपल्या टप्प्यातले, एक खात्रीचा. सीईटी त्याशिवाय, ती सगळ्यांनीच द्यावी. डिसेंबरात स्नॅप (सिम्बायोसिसची परीक्षा), जानेवारीच्या पहिल्या रविवारी झॅट (जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची). त्यातल्या कॉलेजात जायचंच नसेल तर परीक्षा देऊ नका, तो रविवार सीईटीच्या सरावाला द्या.

सगळ्यात अवघड काळ एप्रिल ते ऑगस्टचा. खासगी संस्था मे महिन्यातच जागेसाठी मोठी रक्कम मागतात, सीईटीच्या कॅप फेऱ्या मात्र बऱ्याच उशिरा होतात. पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं परतावा धोरण छापून घ्या आणि कुठल्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर किती रक्कम परत मिळेल, ते प्रवेश कार्यालयाकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं आश्वासन उपयोगाचं नाही. नोकरी करणाऱ्यांनी नोटीस पिरियड तपासावा: आयटीत तो बहुतेक तीन महिन्यांचा असतो आणि आयआयएमचे वर्ग जूनमध्ये सुरू होतात, म्हणजे निकाल हातात आल्याबरोबर राजीनामा द्यावा लागतो. कॅपची वाट बघत असाल तर जागा पक्की झाल्यावरच तो द्या, आणि नोटीस कमी करून मिळते का, हे एचआरला आधीच विचारून ठेवा.