इंजिनवर पाण्याचा पाइप धरण्याआधी या चुका टाळा

दसरा जवळ आला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगभर पाणीच पाणी होतं. गाडी बाहेरून चकचकीत झाली की हात शिवशिवतात, बॉनेट उघडलं जातं आणि तोच पाइप आत वळतो. मग दोन दिवसांनी त्यातली एखादी गाडी गॅरेजच्या दारात उभी दिसते. गेली कित्येक वर्षं हेच बघतोय, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रेशर वॉशर. घरगुती वॉशरचा दाबही १०० बारच्या आसपास असतो. टायरमधली हवा साधारण २ बार असते, यावरून अंदाज करा. इंजिनाभोवतीची वायरिंग आणि कनेक्टर पावसाचे शिंतोडे सोसतात, पण जवळून मारलेली धार सोसत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाचा दिवे घाटातून फोन आला. "काका, गाडी थरथरतेय, पिकअपच घेत नाहीये." सकाळीच त्याने इंजिन वॉशरने धुतलं होतं. चेक इंजिनचा दिवा हडपसरपासूनच लुकलुकत होता आणि हा तशीच गाडी रेटत घाट चढला होता. मी पोचलो, १० नंबरच्या पान्याने एकेक इग्निशन कॉइल काढली. तिसरी काढली तर खालच्या खड्ड्यात चक्क पाणी साचलेलं. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असे खोल खड्ड्यात बसवलेले असतात आणि वर कॉइल बुचासारखी बसते. रबराच्या कडेने धार आत शिरली की ते पाणी लवकर वाळत नाही. ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी बाजूलाच उतरते आणि तो सिलिंडर मिसफायर करतो. जळायचं राहिलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. म्हणून तो दिवा लुकलुकला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची आणि बंद करायची, "पुढे बघू" म्हणायचं नाही. त्या मुलाला कॉइल तर बदलावी लागलीच, वर कन्व्हर्टरचाही भुर्दंड बसला.

असं पाणी दिसलं तर घाईने प्लग खोलू नका, सगळं पाणी सिलिंडरमध्ये उतरेल. जुन्या बनियनची पट्टी स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून मी ते टिपून घेतो, मग वरून थंड हवेचा ब्लोअर मारतो.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. पाइप लावतच नाही. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), फ्यूज बॉक्स, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांनी झाकून वर रबर लावायचं. पिशव्या लावताना मोजायच्या, काढताना मोजायच्या, कारण विसरलेली पिशवी बेल्टमध्ये अडकते किंवा एक्झॉस्टवर वितळते. मग झाडांच्या फवाऱ्यात पाण्यात मिसळलेला कार शाम्पू, दीड इंची रंगाचा ब्रश, सांदीकोपऱ्यात टूथब्रश आणि शेवटी ओल्या फडक्याने दोनदा पुसणं. दीड तास जातो. दहा मिनिटांत इंजिन नव्यासारखं करून दाखवणारे व्हिडिओ मीही पाहिलेत, पण आठवड्याने त्या गाडीचं काय झालं हे त्यात कधीच दाखवत नाहीत.

दुसरी चूक माझ्या फार डोक्यात जाते: डिझेल मारणं. वॉशिंग सेंटरवर विचारतात, "साहेब, डिझेल मारू का?" आणि लोक खुशाल हो म्हणतात. काहीजण घरी रॉकेल वापरतात. काळा चिकटा निघतो, हे खरं. पण रेडिएटरचे होज आणि बेल्ट ज्या रबराचे असतात ते डिझेलने फुगतं आणि मऊ पडतं. उरलेल्या थरावर आपल्याकडच्या बांधकामांची धूळ दुप्पट बसते. आणि गरम एक्झॉस्टजवळ डिझेल फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. पेट्रोलचं तर नावही काढू नका. ऑइलचा जुना चिकटा असेल तर इंजिन डीग्रीझर आणा, नाना पेठेत सहज मिळतो. आणि तेल नेमकं कुठून गळतंय ते आधी शोधा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच काम.

गरम इंजिनवर गार पाणी कधीच नाही. मी रात्रभर उभ्या गाडीलाच हात लावतो. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि किल्ली काढली तरी काही गाड्यांचा पंखा अचानक फिरतो, हे विसरू नका.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीला कपभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा पुरतो. नंतर कोरडं करून थोडं व्हॅसलीन.

पावसाळ्यानंतर वायपरखालच्या जाळीतला पाचोळा काढाच. तिथलं पाणी जायचं भोक तुंबलं की पाणी केबिनमध्ये उतरतं. उंदराच्या लेंड्या किंवा घरटं दिसलं तर ब्लोअर मारू नका. मास्क-हातमोजे घालून, जंतुनाशक शिंपडून ओलंच उचला. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो.

बेल्टवर चकाकीचा स्प्रे उडाला तर बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबल दिसल्या की वरवर पुसून बॉनेट लावून टाका. सीएनजीच्या नळ्या आणि जोड हलवू नका.

सगळं झालं की पिशव्या काढून बॉनेट तासभर उघडं ठेवा, मग स्टार्ट करून दहा मिनिटं जागेवरच चालू द्या आणि आवाज ऐकत शेजारी उभे राहा.