अंतराळावर कादंबरी लिहायचीय? आधी अंतर धरा

भाऊ, कॅप्टनचं नाव, एलियनला डोळे किती, हे सगळं राहू द्या, वहीच्या पहिल्या पानावर फक्त लिहा की यान कुठं चाललंय आणि किती स्पीडनं. मी उलटं केलं होतं, तीन चॅप्टर झाल्यावर हिशोब केला तर माझा हिरो भुसावळहून मुंबईला जाऊन यावं तसा दुसऱ्या ताऱ्यावरून शनिवारी घरी परत.

सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाच तिथं पोचायला एवढी वर्षं लागतात. 1977 ला सोडलेलं व्हॉयेजर 1 हे यान सेकंदाला 17 किलोमीटर पळतंय, त्या स्पीडनं एवढं अंतर कापायला 75 हजार वर्षांच्या आसपास लागतील. प्रकाशाच्या दहा टक्के स्पीड धरला तर 42 वर्षं, म्हणजे पंचविशीत रावेरहून निघालेली पोरगी सदुसष्टीत पोचते. मला हाच आकडा आवडतो, अख्खं आयुष्य बसतं त्यात.

आता मेसेज, खरी कादंबरी इथंच आहे. दहाव्या वर्षी यान एक प्रकाशवर्ष लांब असतं, पण घरून निघालेल्या मेसेजला पळतं यान गाठायला एक वर्ष चाळीस दिवस लागतात. पोचल्यावर तर आईनं "जेवनी का?" विचारलं की उत्तर साडेआठ वर्षांनी. म्हणून फोनसारखे संवाद टाकू नका, पत्रं लिहा, एकमेकांना चुकवणारी. बाप गेल्याची बातमी वाटेत आहे आणि पोरगी अजून विचारतेय, यंदा केळीला भाव काय?

व्हिलन शोधत बसू नका, यानातली शेती पुरे. टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये एकाच झाडापासून वाढवलेली केळी सगळी सारखीच, एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांनाच लागू शकतो, सीएमव्ही, म्हणजे मावा नावाची बारकी कीड पसरवते तो व्हायरस, आला की काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही केळीवाल्याला विचारा. आपण रोगट झाड उपटून बागेबाहेर नेतो. यानात बाहेर कुठं फेकणार, त्यातलं पाणी आणि कार्बन दोन्ही परत वापरावं लागतं ना, आणि मावा चुकून कुणाच्या सामानातून आला हे कळलं की भांडणं आपोआप लागतात.

स्फोटाचा आवाज बाहेर ऐकवू नका, हवाच नाहीये तिथं.

शेवटी एक्सेलमध्ये तीन कॉलम करा, मेसेज कधी निघाला, कधी पोचला, आणि तेवढ्यात पाठवणाऱ्याच्या घरी काय घडलं. तिसरा कॉलम आधी भरा.