नाथसागरावरचे कुरव: डोकं सोडा, पंख बघा

आमची गाळपेराची, म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर कसायची, जमीन नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयाच्या काठाला आहे. दिवाळीनंतर पाणी मागं सरकायला लागलं की आमची मोटरही त्याच्या मागं निघते. दर आठ-दहा दिवसांनी पाइपाचा एक तुकडा वाढवायचा आणि फुटबॉल आणखी आत टाकायचा. फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह, आमच्याकडं त्याला कुणी दुसरं काही म्हणत नाही. या कामातच माझी कुरवांशी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना गल म्हणतात त्या पक्ष्यांशी, ओळख झाली. गावात विचाराल तर उत्तर येईल, "बगळेच की ते!" बगळे नाहीत. समुद्रावर दिसतात त्या कुरवांच्याच घरातले, पण लहान अंगाचे, हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे.

इथं मुख्यतः दोन जातींकडं लक्ष द्यायचं: काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. आणि इथंच माणूस फसतो. मी दोन हिवाळे डिसेंबरात काळं डोकं शोधत बसलो होतो. थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच असतं, फक्त डोळ्याच्या मागं, कानाजवळ, शाईचं बोट लागल्यासारखा डाग. डोकं रंगतं ते विणीच्या तोंडावर. त्यातही गंमत अशी, की 'काळ्या' डोक्याचं डोकं जवळून पाहिलं तर गडद चॉकलेटी निघतं. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

तेव्हा डोकं सोडा आणि पक्षी उडायची वाट बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरीशुभ्र असते, उडताना लांबट पांढरा त्रिकोण चमकतो, आणि काळं फक्त टोकाच्या मागच्या काठाला, गोट लावल्यासारखं. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोक चांगलं रुंद काळं असतं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. पांढरा पट्टा त्यालाही असतो, म्हणून नजर पांढऱ्यावर नाही, काळ्यावर ठेवा.

बसलेला असेल तर डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या मोठ्या पक्ष्याचा डोळा फिका, पिवळट पांढरा, त्यामुळं तो रागानं बघतोय असं वाटतं. काळ्या डोक्याचा डोळा गडद, चेहरा गरीब. अंगानंही तपकिरी डोक्याचा जरा थोराड, चोच जाड. पण पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांवर यातलं काही चालत नाही. त्यांच्या पंखांवर तपकिरी खुणा आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते, डोळे दोन्ही जातींचे गडदच. नव्या माणसानं पिल्लांच्या नादी लागू नये.

कुरव आणि सुरय (इंग्रजीत टर्न) यांच्यातही गोंधळ होतो. नदी सुरय इथला बारमाही. त्याची शेपूट खोल दुभंगलेली, चोच पिवळी, आणि तो वरून पाण्यात सूर मारतो. कुरव सहसा पाण्यावर बदकासारखा तरंगत बसतो, नाहीतर वरच्यावर उचलून नेतो. आयतं मिळालं तर त्याला कष्ट नको असतात.

म्हणूनच शोधायचा सोपा मार्ग म्हणजे मासेमार. पहाटे थर्माकोलच्या चप्पूवरून जाळी काढून माणसं काठाला येतात, बारीक मासळी बाजूला टाकतात, तिथं कुरव हजर. दुसरी जागा म्हणजे नुकती उघडी पडलेली चिखलाची जीभ. तिथं सगळे वाऱ्याकडं तोंड करून बसतात, म्हणजे वारा कुठून आहे हेही कळतं. पाणी आपल्या पश्चिमेला राहील असा काठ धरा, सकाळी उन्हाला पाठ येते आणि डोळ्याचा रंगसुद्धा दिसतो. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे.

ओल्या गाळावर मात्र पाऊल टाकू नका. वरून पापडी धरलेली दिसते, खाली गुडघाभर चिखल असतो. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे. शेव, फरसाणही टाकू नका. फोटो छान येतो, पण आपलं तळलेलं खारट खाणं त्यांच्या पोटाचं नाही.

हे आपल्याकडं का येतात? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेटकडच्या उंच तलावांकाठी वीण करतो. लडाखचा त्सो मोरीरी साधारण ४,५०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात गोठतो. काळ्या डोक्याचा तर युरोपपासून रशियाच्या पूर्व टोकापर्यंत पसरलेला. त्यांना उघडं, उथळ पाणी हवं असतं, आणि नाथसागर पसरट आहे. गोदावरीवरच्या या धरणाचं लोकार्पण १९७६ साली झालं, जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा १९८६ मध्ये मिळाला. आमच्या घरात धरण म्हणजे १,५२२ फुटांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं की नाही, एवढीच चर्चा. मी आता उलटं बघतो. धरण काठोकाठ असेल तर चिखल उघडा पडायला उशीर, म्हणून डिसेंबर संपेपर्यंत थांबतो.

बाहेरून येणारी मंडळी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला येतात, गुलाबी फोटो काढतात आणि निघतात. जाऊ द्या. तुम्ही शेवटची एक चक्कर नाथषष्ठीच्या सुमाराला मारा. पैठणात दिंड्या उतरत असतात, आणि इकडं काठावर काही कुरवांच्या पांढऱ्या डोक्यावर ठिपक्याठिपक्यांनी रंग चढायला लागलेला असतो, अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखा. थोड्याच दिवसांत जागा रिकामी होते. मी मोटर काढून घरी आणतो.