लॅबनं रोल खराब केला, तर काय करायचं

आता गावोगावची पोरं पुन्हा जुने रोलचे कॅमेरे काढून राहिली आहेत. रोल कुरिअरनं मुंबई-पुण्याला धुवायला जातो अन् निगेटिव्ह कोरी आली की लॅबशी भांडण सुरू. थांब भाऊ, आधी फिल्मची कड पाहा.

कडेला कंपनीचं नाव अन् फ्रेमचे आकडे असतात. ते धुतल्यावरच उमटतात. ते ठळक आहेत अन् मधे चित्रंच नाहीत, तर लॅबचा दोष नाही. रोल कॅमेऱ्यात सरकला नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही गायब असतील तर गडबड बहुधा धुण्यातच झाली. सगळी पट्टी कडेसकट काळीठिक्कर असेल तर उजेड लागला. पण तो तुमच्या हातून की त्यांच्या, हे कडेवरून कळत नाही. अशी केस कठीण.

रंगीत रोलचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं लागतो, तो सांभाळणं लॅबचं काम. पण मे महिन्यात आपल्या यवतमाळात रोल दुपारभर गाडीच्या डिक्कीत राहिला, तर रंग तिथंच बिघडू शकतात. लॅब तेच बोट दाखवेल.

पाठवतानाच चिठ्ठी टाका: कोणता रोल, कशाचे फोटो, पुन्हा काढता येतील की नाही. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर लॅबला पाठवून ठेवा. 'नुकसान झाल्यास फक्त नवा रोल मिळेल' ही ओळ पावतीवर असते, फिल्मच्या डब्यावरही तसंच काहीतरी छापलेलं असतं. ती वाचून गप्प बसू नका. ती असली तरी तक्रार करता येते.

आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करा. लॅबला स्पीड पोस्टानं नोटीस द्या, पोच जपून ठेवा. तरी दाद नाही मिळाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात चालते. लॅब मुंबईची असली तरी यवतमाळात. मुदत दोन वर्षं. लॅबला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. रोल, धुलाई, कुरिअर यांचा खर्च मागा. मानसिक त्रासाचेही मागता येतात, पण लाखांचा आकडा टाकला की आपलंच हसं होतं, बाप्पा.

स्टुडिओवाल्यांनो, लॅब 'हा धंद्याचा रोल, तुम्ही ग्राहकच नाही' म्हणेल. अर्जात लिहा की हे काम स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः करता.

अन् लॅबनं 'पट्टी परत पाठवा, तपासतो' म्हटलं, तर फोटो पाठवा. पट्टी न कापता घरीच ठेवा, आयोगात तीच दाखवायची असते.