चेकराइडची तोंडी परीक्षा: या चुका टाळा

अमेरिकेत प्रायव्हेट पायलटच्या चेकराइडला, म्हणजे परवान्यासाठीच्या शेवटच्या परीक्षेला, बसणारे बहुतेक जण आदली रात्र लँडिंगच्या काळजीत घालवतात आणि सकाळी अडकतात टेबलावर. तोंडी परीक्षा निभावल्याशिवाय एक्झामिनर विमानाकडे फिरकतसुद्धा नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते कागदांमुळे परत जावं लागलं की. एकट्याने केलेलं लांबचं उड्डाण एकूण १५० नॉटिकल मैलांचं हवं. लॉगबुकात बेरीज १४८ निघाली, तर तुमचं हवामानाचं ज्ञान कितीही पक्कं असो, परीक्षा सुरूच होत नाही. लेखी परीक्षेत चुकलेले विषय इन्स्ट्रक्टरने पुन्हा करून घेतल्याची सही, चेकराइडच्या तयारीचे ३ तास, या नोंदी आठवडाभर आधी इन्स्ट्रक्टरसोबत बसून तपासा. सकाळी पार्किंगमध्ये नाही.

विमानाची लॉगबुकं तर अनेकांनी कधी उघडलेलीच नसतात. परीक्षेत ती पुढ्यात येतात आणि पानं उलटताना घाम फुटतो. ॲन्युअल, म्हणजे विमानाची वार्षिक तपासणी, ३ मार्चला झालं असेल, तर ते पुढच्या वर्षी ३१ मार्चपर्यंत चालतं. मुदत कॅलेंडर महिन्यांत मोजतात. ईएलटीची (अपघात झाल्यास संकेत पाठवणारं यंत्र) तपासणी १२ महिन्यांनी, ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) २४ महिन्यांनी. या नोंदींवर आधीच रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवा. चिठ्ठ्या लावणं म्हणजे फसवणूक नव्हे, उलट तुम्ही लॉगबुकं वाचली आहेत हे त्यातून दिसतं.

आता खरी गोम. ‘टोमॅटो फ्लेम्स’ हे उपकरणांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. दिवसा व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडायला काय काय लागतं, याची ती यादी. एक्झामिनर मात्र यादी विचारत नाही. तो म्हणतो, “उड्डाणाआधीच्या प्रीफ्लाइट तपासणीत लँडिंग लाइट पेटत नाहीये. दुपारची वेळ आहे. निघायचं का?” इथे घाईने “यादीत नाही, निघूया” म्हणालात की फसलात. आधी विमानाची स्वतःची इक्विपमेंट लिस्ट बघायची, मग एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे त्या प्रकारच्या विमानांसाठी सरकारने काढलेले सुरक्षेचे सक्तीचे आदेश. कुठेच सक्ती नसेल, तरी तो दिवा काढून टाकायचा किंवा बंद करायचा, त्यावर ‘इनऑपरेटिव्ह’ (चालत नाही) अशी पाटी, म्हणजे प्लॅकार्ड, लावायची, आणि त्याशिवाय उडणं सुरक्षित आहे हे ठरवायचं. लगेच पुढचा प्रश्न येतो: “आणि डाव्या टाकीचा फ्युएल गेज बंद असेल तर?” तो यादीतच आहे, त्यामुळे निघायचं नाही. दोन्ही उत्तरांतला फरक तुम्हाला बोलून दाखवता आला पाहिजे. पाठांतर करणारा नेमका इथे गडबडतो.

दुसरी खोड म्हणजे जास्तीचं बोलणं. “दिवसा किती राखीव इंधन?” याचं उत्तर “३० मिनिटांचं” इतकंच. ‘रात्री ४५’ हे आपणहून जोडलंत तर फारसं बिघडत नाही, पण पुढे “आणि कॅरब्युरेटरमध्ये बर्फ झाला तर...” असं घसरत गेलात की एक्झामिनर त्याच धाग्यावर अर्धा तास घालवू शकतो. उत्तर द्या आणि गप्प बसा. ती शांतता अवघड जाते, पण सवयीने जमते.

आठवत नसेल तर थापा मारू नका. नियमांचं पुस्तक उघडून शोधलेलं सहसा चालतं. मात्र प्रत्येक प्रश्नाला पुस्तक नको, आणि विमानाचे वेग व इंजिन बंद पडल्यावर करायची कामं तोंडपाठच हवीत. प्रकरण कुठे सापडतं हे माहीत असावं, म्हणून महत्त्वाच्या पानांवर टॅब लावा.

वजनाचा हिशेब हा लहान वाटणारा पण महागात पडणारा मुद्दा. एक्झामिनरचं खरं वजन आधी विचारून घ्या आणि रिकाम्या विमानाचं वजन त्याच विमानाच्या ताज्या नोंदीतून घ्या. मॅन्युअलमधल्या नमुन्याच्या विमानाचे आकडे उचललेत, तर “हे कुठून आलं?” या पहिल्याच प्रश्नाला सगळा कागद पुन्हा करावा लागतो.

सराव तुमच्या नेहमीच्या इन्स्ट्रक्टरसोबत करू नका. त्याला तुमची अर्धी वाक्यंही कळतात. दुसऱ्या कुणाला तरी दोन तास बसवा आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला एकच विचारायला सांगा: “का?”